कन्जंक्शनपर्यंत

नाही नाही, चटई नको सरकवूस बाळा, टेप तिच्यावरूनच टाक हवी तर — भिंतीपासून भिंतीपर्यंतच मोजायचंय ना, मग चटई कुठे आड येते — हां, अशी. आणि तो फळा निघेल की नाही ते मला नाही सांगता येणार, सिमेंटमध्ये बसवलाय ह्यांनी, भिंत फुटेल पण फळा निघायचा नाही. तुमच्या क्लासला फळा लागतच नाही म्हणतोस? टीव्ही लावणार? बरं. परागनं फोनवर सांगितलंय मला सगळं — आई, राजस नावाचा मुलगा येईल, नानाखेड्याकडे राहतो, आपल्यातलाच आहे, स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे त्याचा, फ्रीगंजमध्ये जागा बघून राहिलाय, त्याला पुढचा कमरा दाखव आणि चहा पाज. तर कमरा हा, आणि चहा हा. घे. साखर कमी वाटली तर सांग, ह्यांच्यामुळे मी सगळ्यांनाच कमी घालते. खुर्चीवर बस, चटईवर नको. आणि जरा हळू बोल हं, आत झोपलेत ते. मीही हळूच बोलते. आता उठतीलच, ऊन त्या खिडकीतून फळ्यावर आलं की उठतात, घड्याळ हातात असतं पण बघतात उन्हाकडे.

परागला तू वाईट समजू नकोस. माझ्यापाशी नाही म्हणायला तोंड नाही, मीच हो म्हटलं होतं त्याला. त्याचं म्हणणं सरळ आहे — आई, बाबांना आता सगळं विसरायला होतं, मुलं यायची बंद झाली, मग तो कमरा रिकामा ठेवून काय करतेस, देऊन टाकू, आलेल्या भाड्यात बाबांकडे बघायला एक माणूस ठेवू, आणि पुढं मागं तुम्ही दोघं इकडे पुण्याला या. यात चूक काय आहे? काहीच नाही. शेजारच्या शोभानं तर खालचा अख्खा मजला महाकालला येणाऱ्या लोकांना उतरायला देऊन टाकलाय, रोज नवी बॅग, नवी चप्पल दाराशी. ती म्हणते, चारू, तूच तेवढी मागं राहिलीस. असेन. — नाही, नाही, मी नाही म्हणत नाहीये तुला. तू माप घे.

तू ग्रामर शिकवतोस का रे? नाही ना. मला वाटलंच. आता सगळे म्हणतात बोलायला शिकवा, ग्रामर काय करायचंय. हे ऐकलं असतं ह्यांनी तर तुला दारातूनच परत पाठवलं असतं. पोतनीस सर म्हणजे ग्रामर, आणि ग्रामर म्हणजे आठ पार्ट्स ऑफ स्पीच, बाकी सगळं नंतर. सरकारी शाळेत होते, तिथून आले की चहा घ्यायचे आणि पाचला ह्या चटईवर वर्ग. फक्त आठ पोरं घ्यायचे एका वेळी, नववं आलं तर त्याला म्हणायचे, थांब, जागा नाही, इंग्रजीतच जागा नाही तर मी कुठून देऊ. प्रत्येकाला एक एक नाव द्यायचे — तू नाऊन, तू प्रोनाऊन, तू व्हर्ब — आणि वर्षभर त्या पोरानं तेच व्हायचं. इथून तिथपर्यंत ओळीत उभं करून वाक्य बनवायचे पोरांचं. नाऊन तापानं घरी राहिला की प्रोनाऊननं त्याच्या जागी उभं राहायचं, आणि नाऊन बरा होऊन आला की गुपचूप बाजूला व्हायचं, त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. ती नावं अशी चिकटली रे एकेकाला की विचारू नकोस. देवास गेटवर बस स्टँडसमोर कचोरीचं दुकान आहे ना, कोपऱ्यावरचं, त्याच्या मालकाला अजून सगळे अ‍ॅडव्हर्ब म्हणतात. खरं नाव मला आजही माहीत नाही. पोटबिट सुटलंय, सुना आल्यात, तरी अ‍ॅडव्हर्ब.

आणि आवाज. अरे देवा, आवाज म्हणजे काय. कोपऱ्यापर्यंत जायचा. शोभा विचारायची, तुझा नवरा रोज पाचला कोणाशी भांडतो? लाज वाटायची मला. किती वेळा सांगितलं ह्यांना, अहो, जरा हळू शिकवा, पोरं काय बहिरी आहेत का — तर म्हणायचे, मागं बसणाऱ्याला ऐकू गेलं पाहिजे. मागं बसणारा! शेवटचं पोर बसायचं तिथं, दारापाशी, हात लांब केला तर ह्यांच्या हाताला लागेल एवढ्यावर. पण नाही, मागं बसणाऱ्याला ऐकू गेलं पाहिजे. जन्मभर तेच ऐकलं मी.

मी? मी कुठली शिकते. मी देवासची, आमच्याकडे मुलींना इंग्रजी नव्हतं, म्हणजे शाळेत होतं पण घरात कोणी विचारत नव्हतं आलं का म्हणून. लग्न होऊन आले ती सरळ ह्या पडद्यामागच्या स्वयंपाकघरात. हो, पडदा तोच, म्हणजे कापड बदललं, दांडी तीच आहे. पाचला मी तिथं चहा ठेवायची, सात वेळा उकळायची तो चहा, आणि उभी राहायची. — का म्हणजे? ऐकायला. कोणाला सांगितलं नाही कधी. ह्यांना तर नाहीच, ह्यांना सांगायचं म्हणजे — तुला नाही कळणार, तुमच्यात आता नवराबायको सगळं बोलतात. आमच्यात ह्यांनी विचारायचं, भाजी काय आणू, आणि मी सांगायचं, दोडकी. वाईट वागले नाहीत हो कधी, एक वाकडा शब्द नाही, पण बोलणं म्हणून जे असतं ते सगळं ह्या कमऱ्यात संपवून आत यायचे. आत येताना नुसते डोळे घेऊन यायचे, दमलेले. मला आठही पाठ झाले ते पडद्यामागं. पोरं चुकायची, मी चुकायची नाही.

तो डबा? स्टीलचा, वर फडताळावर? त्यात पेढे असतात. आताही आहेत, मी भरून ठेवते. ह्यांची एक रीत होती — ज्या दिवशी पोर नाऊनपासून इंटरजेक्शनपर्यंत आठही, अर्थासकट, उदाहरणासकट, न अडखळता म्हणेल, त्या दिवशी त्याला पेढा. आणि पेढा मिळाला की झालं, दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही. ह्यांचं म्हणणं, ज्याला आलं त्यानं जागा सोडायची, बाहेर नववा उभा आहे. फ्रीगंजात बायका एकमेकींना विचारायच्या, तुझ्याकडच्याचा पेढा झाला का? काही पोरं तर मुद्दाम चुकायची, पेढा नको म्हणून. हसू यायचं मला तेव्हा.

मग हे असं व्हायला लागलं. आधी पोरांच्या लक्षात आलं, मग आयांच्या, आणि माझ्या सगळ्यांत शेवटी. रोज नाऊनच शिकवायला लागले. काल शिकवलेलं आज परत, तेच उदाहरण, तीच गंमत, त्याच जागी हसणं. पोरं काही बोलली नाहीत, चांगली होती, पण आयांना काय, त्यांना परीक्षा होत्या. एकेक करून चटई रिकामी झाली. हे पाचला येऊन बसायचे आपले, शर्ट इन करून. मी म्हणायची, आज सुट्टी असेल मुलांना. रोज काय सुट्टी असते?

आणि एक दिवस सकाळी मी चहा घेऊन गेले तर मला म्हणाले — रख दीजिए. घर में कोई नहीं है क्या? — मी हसले. मला वाटलं चेष्टा करतात. आमच्याकडे घरात मराठी रे, बाहेर कितीही हिंदी असो, पोरांशी हिंदी, भाजीवाल्याशी हिंदी, तुझ्या-माझ्यासारखी मिसळ करून बोलणं निराळं, पण माझ्याशी ह्यांनी कधी, भांडतानासुद्धा कधी, हिंदीत शब्द काढला नव्हता. मी म्हटलं, अहो, काय हे. तर उठले आणि शोधायला लागले. चारू, चारू करत स्वयंपाकघरात गेले, मागं गेले, गच्चीत गेले, बाथरूमचं दार वाजवलं. मराठी ऐकलं ना, मराठी म्हणजे चारू आली असणार घरात. आणि मी मागं मागं फिरतेय, अहो, ही काय मी, ही काय मी. माझ्याकडे बघून म्हणाले, बहनजी, आपने हमारी मिसेस को देखा?

तेव्हापासून मी घरात मराठी बोलत नाही. बोलले की ते शोधायला लागतात, आणि सापडत तर नाही कोणी. दिवसभर हिंदी. परागचा फोन आला की गच्चीत जाऊन बोलते. त्याला हे माहीत नाही. त्याला वाटतं बाबा किल्ल्या विसरतात, नावं विसरतात. मी काय सांगू त्याला? की तुझ्या बापाला तुझी आई — नाही. तूही नको सांगूस. मी तुला सांगायलाही नको होतं, तू जागा बघायला आलास आणि मी — चहा पी, निवला तुझा. समोर बसून कोणी मराठीत बोललंच नाही किती दिवसांत, म्हणून सुटलं तोंड.

तर ते पाचचं. रिकाम्या चटईकडे बघत बसायचे, जेवण तुटलं, बोलणं तुटलं, डॉक्टर म्हणाले जे चालू आहे ते चालू ठेवा, त्याचाच आधार आहे. चालू काय होतं, काहीच नव्हतं. मग एक दिवस माझं मलाच राहवलं नाही, मी पदर खोचला आणि जाऊन चटईवर बसले. तिथं, दारापाशी. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, गुड इव्हनिंग, सर. तुला काय सांगू, दिवा लागल्यासारखा चेहरा झाला. उठले, खडू घेतला. आओ बेटा, देर से आई हो, कोई बात नहीं. बेटा म्हणाले मला. आणि शिकवलं रे, काय शिकवलं, तोच आवाज. रोज रात्री मग जेवायलाही लागले.

मी मात्र मूर्ख. मला सगळं येत होतं ना आधीच, पडद्यामागचं. जन्मात पहिल्यांदा ह्यांच्यासमोर बसलेली, वाटलं शाबासकी घ्यावी. एका संध्याकाळी मी आठही म्हणून दाखवले, अर्थासकट, उदाहरणासकट, ह्यांचीच उदाहरणं. इतके खूश झाले. डबा काढला, पेढा माझ्या हातावर ठेवला, डोक्यावर हात ठेवला — लग्नात अक्षता पडल्या तेव्हापासून माझ्या डोक्यावर कोणी हात ठेवला नव्हता — आणि म्हणाले, हो गया तुम्हारा, अब मत आना. मी पेढा खाल्ला. माझ्या ध्यानातच आलं नाही काय झालं ते.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन बसले, तर वर्ग घेईनात. तुम्हारा तो हो गया. त्यांना मी कोण ते आठवत नव्हतं, काल काय जेवले ते आठवत नव्हतं, पण माझा पेढा झाला हे पक्कं आठवत होतं. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी जरा पाठ टेकली तेवढ्यात दार उघडून निघून गेले. शोभा एकीकडे, मी एकीकडे, टावर चौकात विचारलं, मंदिरात बघितलं, पोलिसांत जायचं तेवढ्यात फोन आला — काकी, मैं अ‍ॅडव्हर्ब बोल रहा हूँ, सर यहाँ बैठे हैं, घबराना मत. देवास गेटला जाऊन उभे होते. गावाकडून पोरं बसनं यायची ना ह्यांच्याकडे, त्यांना घ्यायला गेले होते. नवी बॅच. उतरेल त्या पोराला विचारत होते, बेटा, पोतनीस सर के यहाँ जाना है? लोक हसत होते म्हणे. अ‍ॅडव्हर्बनं खुर्ची टाकली, पंखा लावला, आणि समोर हात जोडून बसला माझी वाट बघत. एवढा मोठा माणूस, ह्यांनी नाव विचारलं तर उभा राहून म्हणाला, अ‍ॅडव्हर्ब, सर.

ह्यांना घरी आणलं, आणि मग मी काय केलं, मागच्या दारानं बाहेर पडले, गल्लीला वळसा घातला, आणि पुढच्या दाराची घंटी वाजवली. दुसरी साडी नेसून. नवी अ‍ॅडमिशन. ह्यांनी दार उघडलं. नाम? मी म्हटलं, चारुलता. तर म्हणतात, अरे वा, हमारी मिसेस का भी यही नाम है. आत आले, बसले. आणि तेव्हापासून मी कन्जंक्शनपर्यंत म्हणते. पुढचं म्हणत नाही. इंटरजेक्शन येतंच नाही मला. रागावतात कधी कधी, इतना आसान है बेटा, वाक्य के बाहर बैठा रहता है, किसी से रिश्ता नहीं, बस हाय हाय करता है. मी म्हणते, जी सर, समझ में आता है, पर नाम भूल जाती हूँ. रोज विसरते. विसरले की उद्या वर्ग असतो.

थांब, अजून एक सांगते आणि मग जा तू. परवाची गोष्ट. शिकवता शिकवता थांबले, मला वाटलं हरवले आता. तर खडूनं त्या पडद्याकडे दाखवून हळूच म्हणाले, वहाँ खड़ी रहती है. मी म्हटलं, कौन, सर? हमारी मिसेस. चाय का तो बहाना है, सुनती रहती है. परदा हिलता है ना, मुझे दिखता है. जन्मभर ह्यांना माहीत होतं. मग म्हणाले — हेच शब्द, मी एकही वाढवत नाही — मैं ज़ोर से पढ़ाता था, बेटा, कि अंदर तक जाए.

मागं बसणारी मी होते रे.

आणि असं म्हणून आवाज चढवला ह्यांनी, पडद्याकडे तोंड करून, व्हर्ब शिकवायला लागले, तिला ऐकू जावं म्हणून. मी इथं समोर बसलेली, आणि हे तिकडे ओरडून राहिलेत. मीपण वळून बघितलं पडद्याकडे. खोटं नाही सांगत, मला वाटलं असेल कोणी उभी. असती तर किती बरं झालं असतं, तिनं ऐकलं असतं तरी. मी तर ऐकूनही काही बोलू शकत नाही, बोलले तर मराठीत बोलेन, आणि मराठीत बोलले की हे मला शोधायला निघतील.

आता सांग, ह्या कमऱ्यात तुझा टीव्ही कुठं लावू? त्या पडद्यावर? — नाही, नाही, तुझी काय चूक त्यात. तू चांगला मुलगा आहेस, उगाच डोळे नको पुसूस, टेप गुंडाळ. परागला मी काय सांगायचं ते बघेन, गच्चीत जाऊन बघेन. तू त्याला एवढंच सांग की काकूंचा कमरा रिकामा नाही. वर्ग चालू आहे. ऊन बघ, फळ्यावर आलं. चपलांचा आवाज येतोय, ऐक. कप मी घेते, तू जा, पुढच्या दारानं जा आणि जाताना मला काकू म्हणू नकोस, येतो म्हणू नकोस, मराठीत काहीही म्हणू नकोस. नुसता जा. — शू. आले.

गुड इव्हनिंग, सर. — जी नहीं सर, ये तो जा रहे हैं, जगह देखने आए थे. — जी, मैं अकेली हूँ. — जी सर, याद किया. नाऊन. प्रोनाऊन. अ‍ॅडजेक्टिव्ह. व्हर्ब. अ‍ॅडव्हर्ब. प्रिपोझिशन. कन्जंक्शन.

— आगे का नहीं आता, सर. कल याद करके आऊँगी.